सूर्याची आंदोलने आणि सूर्याचे अंतरंग : प्रस्तावना

सूर्यापासून पृथ्वीवर पोहोचणारा जवळजवळ सगळा दृश्य प्रकाश दीप्तिगोल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, काहीशे किलोमीटर जाडीच्या थरातून निघतो. सूर्याची त्रिज्या सुमारे ६ लाख ९६ हजार किलोमीटर आहे हे लक्षात घेतले, म्हणजे निरीक्षकाच्या वाट्याला सूर्याचा किती थोडा भाग येतो ते कळते. गाभ्यात अणुकेंद्रांच्या संमीलनातून निर्माण होणारी ऊर्जा या थरापर्यंत येते खरी, पण वाटेत ती असंख्य वेळा शोषली जाऊन पुन्हा उत्सर्जित होत असल्याने तिला बाहेर पडायला हजारो, कदाचित लाखाच्या घरातही वर्षे लागतात, आणि अखेर जे किरण अवकाशात निसटतात त्यांच्यावर आपल्या उगमस्थानाची कसलीही खूण उरलेली नसते. त्यामुळे सूर्याच्या पोटात काय आहे, हा प्रश्न दीर्घकाळ निरीक्षणाचा विषय न राहता अनुमानाचा विषय होऊन बसला होता.

हे अनुमान कच्चे होते असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ताऱ्यांच्या रचनेची समीकरणे पक्की झाली होती : प्रत्येक थरावरचा वायूचा दाब वरच्या थरांचे वजन तोलून धरतो, ऊर्जा आधी प्रारणाने आणि पृष्ठभागाजवळ अभिसरणाने, म्हणजे तापलेला वायू वर चढून आणि निवलेला खाली उतरून, बाहेर पडते, आणि हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होत असल्याने गाभ्याचे रासायनिक घटक हळूहळू बदलतात. अडचण होती ती हे चित्र पारखण्याची. सूर्याविषयी नेमकेपणाने ठाऊक असलेल्या गोष्टी चारच होत्या : वस्तुमान, त्रिज्या, दर सेकंदाला बाहेर पडणारी एकूण ऊर्जा आणि अशनींच्या वयावरून ठरवलेले सुमारे ४५७ कोटी वर्षांचे वय. त्याच वेळी प्रारूपात दोन आकडे मोकळे होते, एक प्रारंभीच्या हेलियमचा आणि दुसरा अभिसरणाच्या कार्यक्षमतेचा, आणि ते दोन्ही त्रिज्या व तेजस्विता जुळेपर्यंत मागेपुढे करण्याची मुभा होती. उत्तर आधी ठाऊक असलेल्या गणिताचा ताळा जुळला तर त्यात नवल काही नाही, आणि म्हणून १९६० पर्यंतचे सूर्याचे सैद्धांतिक प्रारूप हे सुसंगत होते, पण सिद्ध नव्हते.

ही कोंडी ज्या शोधाने फुटली तो शोध सूर्याच्या अंतरंगाचा वेध घेण्यासाठी लावलेलाच नव्हता. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेच्या ६० फुटी सौर मनोऱ्यावर रॉबर्ट लेटन यांनी १९६० च्या सुमारास पृष्ठभागावरील वायूची हालचाल मोजण्याची एक कल्पक पद्धत अवलंबिली. वर्णपटातील एखाद्या शोषण रेषेच्या तांबड्या बाजूच्या आणि निळ्या बाजूच्या प्रकाशात सूर्याची स्वतंत्र छायाचित्रे घेऊन ती एकमेकांतून वजा केली, तर जवळ येणारा वायू आणि दूर जाणारा वायू डॉप्लर परिणामामुळे वेगवेगळ्या छटांनी उठून दिसतो. रॉबर्ट नॉइस आणि जॉर्ज सायमन यांच्यासह लेटन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत असे दाखवले होते की सूर्याच्या पृष्ठभागाचे लहानमोठे पट्टे सुमारे ५ मिनिटांच्या आवर्तकालाने वरखाली होतात, काही फेरे तालात राहतात आणि मग विरतात. हा विरण्याचा भागच दिशाभूल करणारा ठरला. पृष्ठभागाखालून उसळणारे तप्त वायूचे पुंजके वातावरणाला धक्का देतात आणि वातावरण थोडा वेळ थरथरून शांत होते, असा सरळ अर्थ बहुतेकांनी लावला. अर्थ सरळ असल्यामुळेच तो आठ वर्षे टिकला.

१९७० मध्ये रॉजर उलरिच यांनी आणि १९७१ मध्ये जॉन लायबाकर व रॉबर्ट स्टाइन यांनी स्वतंत्रपणे वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते पृष्ठभागावर दिसणारी हालचाल ही पृष्ठभागाखाली अडकून पडलेल्या ध्वनितरंगांची होती. ध्वनितरंग म्हणजे दाबातील चढउतारांचा प्रवास. तो सूर्याच्या वायूतही होतो, आणि वायू जितका तप्त तितका ध्वनीचा वेग अधिक असतो. पृष्ठभागाजवळ हा वेग सेकंदाला ७-८ किलोमीटर आहे, तर केंद्रापाशी तो ५०० किलोमीटरच्या आसपास जातो. त्यामुळे तिरक्या दिशेने खाली निघालेल्या तरंगाची खालची कड वरच्या कडेपेक्षा वेगाने पुढे सरकते, तरंगाची दिशा हळूहळू वळत जाते, आणि एका विशिष्ट खोलीवर तो पृष्ठभागाकडे परत फिरतो. वर आल्यावर वायूची घनता एकाएकी घसरलेली असते, त्या उतरणीवरून तो पुन्हा खाली परावर्तित होतो. या दोन सीमांच्या दरम्यान अडकलेला तरंग स्वतःच्याच मागल्या फेऱ्यांशी जुळला तर टिकतो, न जुळला तर विझतो. म्हणून वाटेल त्या वारंवारतेला मुभा न मिळता ठरावीक वारंवारतांचेच कंपनप्रकार शिल्लक राहतात. लेटन यांना काही फेऱ्यांनंतर विरताना दिसलेले आंदोलन खरे तर विरत नव्हते; अगदी थोड्या फरकाच्या वारंवारतांचे असंख्य कंपनप्रकार एकमेकांत मिसळून कधी एकमेकांना उचलून धरत होते, तर कधी पुसून टाकत होते.

हे भाकीत तपासण्याजोगे होते. तरंगलांबी एका अक्षावर आणि वारंवारता दुसऱ्या अक्षावर मांडली, तर आंदोलनांची ऊर्जा सर्वत्र पसरलेली न दिसता ठरावीक वक्र रेषांवर एकवटलेली दिसायला हवी. फ्रान्झ-लुडविग डॉयबनर यांनी १९७५ मध्ये नेमक्या अशाच रेषा दाखवल्या, आणि सौरकंपविज्ञान, ज्याला जगभर हेलिओसाइस्मॉलॉजी म्हणतात, ते खऱ्या अर्थाने त्या आलेखापासून सुरू झाले. त्या रेषा अपेक्षित जागेपासून किंचित सरकलेल्या होत्या, आणि त्या सरकण्यातून अभिसरणाचा थर तत्कालीन प्रारूपांत धरला होता त्याहून खोल असल्याची पहिली सूचनाही मिळाली. नव्या पद्धतीने पहिल्याच फेरीत जुन्या आकड्याला हात घातला, ही गोष्ट पुढच्या अर्धशतकाची चुणूक म्हणता येईल.

वारंवारतांवरून आतल्या रचनेचा अंदाज कसा बांधता येतो, हे समजण्यासाठी तबल्याचा दाखला पुरेसा आहे. नुसत्या ताणलेल्या चामड्याच्या कंपनांच्या वारंवारता एकमेकींशी बेसूर असतात. शाईचा लेप दिल्यावर त्या सुरेल प्रमाणात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी मृदंग व तबल्यावरील संशोधनात १९२० मध्येच दाखवले होते. वस्तुमान कुठे किती आहे यावर कंपने ठरतात, आणि म्हणून उलट दिशेने, पुरेशी कंपने अचूक मोजली तर वस्तुमानाची वाटणी काढता येते. सूर्याच्या बाबतीत कंप पावणारी वस्तू त्रिमित असल्याने प्रत्येक कंपनप्रकाराला तीन पूर्णांकांची ओळख लागते : पृष्ठभागावर एकूण किती निस्पंद रेषा, म्हणजे न हलणाऱ्या रेषा, आहेत ते सांगणारा ‘कोटी’ हा अंक, त्यांपैकी ध्रुवांतून जाणाऱ्या किती ते सांगणारा दुसरा, आणि केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत किती निस्पंद पृष्ठे लागतात ते सांगणारा तिसरा. अभ्यासाच्या दृष्टीने पहिला अंक सर्वांत उपयोगी, कारण शून्य, एक, दोन अशा लहान कोटीचे कंपनप्रकार थेट गाभ्यापर्यंत जाऊन येतात, तर शेकड्यांच्या कोटीचे प्रकार पृष्ठभागाखालच्या थोड्या खोलीतच घुटमळतात. दोन लगतच्या कंपनप्रकारांच्या पोहोचण्याच्या खोलीत जो फरक असतो, तेवढ्या थराची माहिती त्यांच्या वारंवारतांच्या फरकात दडलेली असते. अशा हजारो फरकांवरून थराथराची माहिती सोडवून काढण्याच्या गणिताला प्रतिलोम गणित म्हणतात.

या कंपनप्रकारांचे मुख्य वर्ग दोन. पहिला दाब-तरंगांचा, ज्यांत वायूला मूळ जागी आणणारे बल दाबातील फरकाचे असते. ५ मिनिटांची आंदोलने याच वर्गातली. दुसरा प्लावक तरंगांचा, ज्यांत खाली ढकललेला हलका वायू पुन्हा वर येऊ पाहतो आणि वर उचललेला जड वायू खाली बसू पाहतो. हे दुसरे तरंग गाभ्यात प्रबळ असले तरी अभिसरणाच्या थरातून वर येताना जवळजवळ संपून जातात. त्यांच्या शोधाची हकीकत वेगळी आणि बरीच निराशेची आहे. तिच्याकडे पुढे वळता येईल.

आता मोजमापाकडे. सगळे कंपनप्रकार मिळून एखाद्या ठिकाणचा वायू सेकंदाला काहीशे मीटर वेगाने हलताना दिसतो, पण लक्षावधी कंपनप्रकारांपैकी एकेकट्याचा वाटा सेकंदाला २० सेंटिमीटरहूनही कमी असतो. एवढ्याशा वेगाने वर्णरेषेची तरंगलांबी सुमारे दीड अब्जात एका भागाने बदलते. शिवाय वेधशाळा स्वतः पृथ्वीच्या परिवलनाबरोबर सेकंदाला शेकडो मीटर वेगाने सूर्याजवळ येत असते किंवा दूर जात असते, आणि सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे वर्णरेषा तांबड्या बाजूला जी सरकते तीही सेकंदाला ६३६ मीटर वेगाने होणाऱ्या सरकण्याएवढी असते. हे सगळे वजा करून उरलेल्यात काही सेंटिमीटरांचा हेलकावा शोधायचा, तर मोजणारी पट्टी स्वतः तसूभरही हलता कामा नये.

बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने ही पट्टी अणूंपासूनच बनवली. त्यांच्या उपकरणात काचेची एक छोटी कुपी असते, तिच्यात पोटॅशियमची विरळ वाफ असते आणि ती तापवून चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली असते. सूर्याच्या वातावरणातील पोटॅशियमने ७६९.९ नॅनोमीटरपाशी जी शोषण रेषा उमटवलेली असते, तिच्याच दोन उतारांवरचा प्रकाश कुपीतले पोटॅशियम टिपून बाजूला विखुरते, कारण चुंबकीय क्षेत्रामुळे कुपीतल्या अणूंची रेषा दुभंगून एक भाग निळ्या उतारावर आणि दुसरा तांबड्या उतारावर बसतो. प्रकाशाचे ध्रुवण आलटून पालटून बदलले की एका क्षणी निळा उतार मोजला जातो, दुसऱ्या क्षणी तांबडा. सूर्याचा पृष्ठभाग जवळ येऊ लागला की एका उतारावरचा प्रकाश वाढतो आणि दुसऱ्यावरचा घटतो. दोहोंचे गुणोत्तर म्हणजे वेग. अणूची वारंवारता निसर्गानेच ठरवलेली असल्याने यंत्र जुने झाले, तापले, थंडावले, तरी पट्टी तीच राहते. या उपकरणात सूर्याची प्रतिमा घेतलीच जात नाही, संपूर्ण बिंबाचा प्रकाश एकत्र मोजला जातो. त्यामुळे बिंबावर अनेक ठिगळांत विभागली गेलेली मोठ्या कोटीची कंपने परस्पर रद्द होतात आणि गाभ्यापर्यंत जाणारी लहान कोटीची तेवढी उरतात. १९७९ मध्ये या गटाने ती प्रथम स्पष्टपणे दाखवली.

तथापि, उपकरण कितीही सूक्ष्म असले तरी या शास्त्राची खरी कसोटी अन्यत्र आहे. वारंवारता किती अचूक मोजता येईल हे निरीक्षणाच्या कालावधीवर अवलंबून असते : एक दिवस मोजले तर साधारण ११.६ मायक्रोहर्ट्झपेक्षा जवळच्या दोन वारंवारता वेगळ्या ओळखता येत नाहीत, एक महिना मोजले तर ही मर्यादा तिसाव्या हिश्श्यावर येते. सूर्याच्या कोटी शून्य आणि कोटी दोनच्या शेजारी असलेल्या वारंवारतांतले अंतर सुमारे ९ मायक्रोहर्ट्झ आहे, आणि सूर्याच्या परिवलनामुळे एका वारंवारतेचे जे अनेक जवळजवळचे तुकडे होतात त्यांच्यातले अंतर तर अर्ध्या मायक्रोहर्ट्झहूनही कमी. म्हणजे गाभ्याविषयी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे मोल दिवसांत, महिन्यांत आणि वर्षांत मोजावे लागते. बाकीचे खगोलशास्त्र मोठमोठ्या आरशांच्या मागे असताना सौरकंपविज्ञानाने मुख्यतः काळ जमवला, आणि या विषयाचे वेगळेपण प्रस्तुत लेखकाच्या मते इथेच आहे.

हा काळ अखंड असावा लागतो, ही त्यातली मेख. सूर्य रोज मावळतो, आणि नोंदीत दर २४ तासांनी पडणाऱ्या खिंडारामुळे प्रत्येक खऱ्या वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना ११.६ मायक्रोहर्ट्झवर तिच्या खोट्या प्रतिमा उभ्या राहतात, ज्या नेमक्या खऱ्या शेजाऱ्यांच्या गर्दीत जाऊन मिसळतात. या फसगतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण १६० मिनिटांच्या आंदोलनाचे. १९७६ मध्ये क्रिमियातील वेधशाळेतून सेवर्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्याच सुमारास बर्मिंगहॅम गटानेही, सूर्य १६० मिनिटांच्या आवर्तकालाने आंदोलित होत असल्याचे जाहीर केले. दोन देशांतून, दोन उपकरणांतून आलेल्या या दाव्याने मोठी खळबळ उडाली, कारण एवढ्या संथ आंदोलनाचा अर्थ गाभ्यातले प्लावक तरंग असा होऊ शकत होता. परंतु १६० मिनिटे म्हणजे दिवसाचा बरोबर नववा भाग. नोंदी जसजशा लांबत आणि सलग होत गेल्या तसतसे हे आंदोलन क्षीण होत गेले, आणि ते पृथ्वीच्याच दिवसरात्रीच्या चक्राने घातलेले कोडे असावे असे अखेर मानले गेले. तसे मानण्यास आधार देणाऱ्यांत खुद्द बर्मिंगहॅमचा गटही होता, हे त्या गटाच्या सचोटीला धरूनच झाले.

रात्र टाळण्याचा एक मार्ग म्हणजे जिथे सूर्य मावळतच नाही तिथे जाणे. जेरार ग्रेक, एरिक फोसा आणि मार्टिन पोमेरान्ट्झ यांनी दक्षिण ध्रुवावरच्या उन्हाळ्यात, १९७९ संपून १९८० उजाडताना, सुमारे ५ दिवस सलग निरीक्षण केले, आणि त्यांच्या वर्णपटात लहान कोटीच्या वारंवारता पहिल्यांदा एकेक सुट्या आणि स्वच्छ उभ्या राहिल्या. दुसरा मार्ग पृथ्वीभोवती वेधशाळांची साखळी उभारण्याचा. बर्मिंगहॅमच्या ‘बायसन’ या साखळीतील सहा केंद्रे १९९२ पर्यंत पूर्ण झाली. त्यापाठोपाठ १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सौर वेधशाळेच्या पुढाकाराने ‘गाँग’ ही साखळी सुरू झाली. तिची सहा केंद्रे कॅलिफोर्नियातील बिग बेअर, हवाईतील मौना लोआ, पश्चिम ऑस्ट्रेलियातील लिअरमंथ, भारतातील उदयपूर, कॅनरी बेटांवरील तेनेरिफे आणि चिलीमधील सेरो तोलोलो येथे आहेत. अरविंद भटनागर यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेली आणि पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत समाविष्ट झालेली उदयपूर सौर वेधशाळा या साखळीत शोभेपुरती नाही. लिअरमंथला सूर्य कलू लागल्यापासून तेनेरिफेला तो पुरेसा वर येईपर्यंतचा मधला टप्पा तिच्याच भरवशावर असतो, आणि पावसाळ्यात उदयपूरवर ढग दाटले की जगाच्या नोंदीत त्या वेळेची उणीव दिसते. गाँगच्या प्रत्येक दुर्बिणीचे छिद्र तीन सेंटिमीटरपेक्षाही लहान आहे आणि ती मिनिटाला एक वेगनकाशा देते. शाळेच्या प्रयोगशाळेत शोभेल अशा आकाराच्या भिंगातून सूर्याच्या पोटाचा नकाशा निघतो तो असा. तिसरा मार्ग पृथ्वी सोडण्याचा : २ डिसेंबर १९९५ रोजी निघालेले ‘सोहो’ हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवती राहून सूर्याकडे अखंड पाहू लागले, आणि २०१० पासून ‘एसडीओ’ या यानावरील उपकरण दर ४५ सेकंदांनी १ कोटी ६० लाखांहून अधिक बिंदूंचा वेगनकाशा घेत आहे. भारताचे ‘आदित्य-एल१’ २०२४ च्या जानेवारीत त्याच एल१ बिंदूभोवती पोहोचले, आणि त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली; मात्र त्या यानाचा रोख सूर्याच्या वातावरणाकडे आणि सौरवाऱ्याकडे असून वेगनकाशे काढणे हे त्याचे काम नाही.

या साऱ्या पहाऱ्यातून काय हाती आले? पहिली गोष्ट म्हणजे ध्वनीचा वेग, केंद्राच्या अगदी जवळचा भाग सोडला तर जवळजवळ सर्वत्र, हजारात एखाद्या भागाच्या आसपास अचूकतेने ठरला. अभिसरणाच्या थराचा तळ केंद्रापासून त्रिज्येच्या ०.७१३ अंतरावर आहे, हा आकडा १९९१ मध्ये क्रिस्टेनसेन-डाल्सगार्ड, गॉफ आणि थॉम्पसन यांनी काढला, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेल्या सर्बानी बसू आणि तेथील एच. एम. अंतिया यांनी तो अधिक काटेकोर केला. हेलियमचे प्रमाणही असेच बाहेर आले, आणि त्याला महाराष्ट्रात एक आगळा संदर्भ आहे. विजयदुर्गावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’शी हेलियमच्या शोधाची सांगड घालण्याचा प्रघात आहे, पण वास्तविक त्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर आले ते १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, आणि हेलियमची पिवळी रेषा सूर्याच्या वर्णपटात आढळली ती त्याआधी ३० वर्षे, १८६८ मध्ये. गंमत अशी की सूर्यात सापडलेला हा वायू सूर्यात किती आहे हे वर्णपटावरून नीट सांगताच येत नाही, कारण दीप्तिगोलाचे सुमारे ५,८०० अंशांचे तापमान हेलियमच्या अणूंना उद्दीपित करण्यास अपुरे पडते. पृष्ठभागाखाली जिथे हेलियमचे अणू आपले इलेक्ट्रॉन गमावतात तिथे ध्वनीच्या वेगात एक छोटासा खळगा पडतो, आणि त्या खळग्याच्या खोलीवरून बाहेरच्या थरांतले हेलियमचे प्रमाण वस्तुमानाच्या सुमारे २५ टक्के ठरले. सूर्य जन्मला तेव्हा ते २७ टक्क्यांच्या आसपास असावे लागते; म्हणजे साडेचारशे कोटी वर्षांत हेलियमचा काही अंश गुरुत्वाने खाली बसला आहे, आणि हे निवळणे गणितात धरले तेव्हाच प्रारूपे निरीक्षणांशी मिळाली.

अशा रीतीने पक्के झालेले प्रारूप मग सूर्याच्या बाहेरच्या एका वादात साक्षीदार म्हणून उभे राहिले. दक्षिण डाकोटातील होमस्टेक खाणीत रेमंड डेव्हिस यांना १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो अपेक्षेच्या एक तृतीयांशच मिळत होते. सूर्याचा गाभा समजतो त्याहून थोडा थंड असेल, असे म्हणून ही तूट भरून काढण्याचा मोह साहजिक होता, कारण डेव्हिस यांना प्रामुख्याने मिळणारे न्यूट्रिनो तापमानाच्या जवळजवळ २५ व्या घाताने वाढतात आणि तापमान काही टक्क्यांनी उतरवले की काम भागते. सौरकंपविज्ञानाने ही पळवाट बंद केली. ध्वनीचा वेग तापमान आणि वायूचा सरासरी रेणुभार यांच्या गुणोत्तरावर ठरतो, म्हणून तो एकट्या तापमानाविषयी निर्णायक काही सांगत नाही, हा आक्षेप रास्त होता. पण अंतिया आणि शशिकुमार चित्रे यांच्यासारख्यांनी ऊर्जेच्या वहनाची समीकरणे जोडून घेऊन दाखवले की मोजलेल्या ध्वनिवेगाशी इमान राखायचे तर न्यूट्रिनोंची संख्या हवी तशी कमी करता येत नाही. दोष सूर्याकडे नसून न्यूट्रिनोंकडे होता. कॅनडातील सडबरी येथील प्रयोगाने २००१-०२ मध्ये न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात हे सिद्ध केले, आणि त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक २०१५ मध्ये दिले गेले.

दुसरा वाद आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्ताशी निगडित होता. बुधाच्या कक्षेचे दर शतकात ४३ विकलांनी होणारे जादा सरकणे सामान्य सापेक्षता सिद्धान्त पूर्णपणे उलगडतो. पण प्रिन्स्टनचे रॉबर्ट डिकी यांनी १९६७ मध्ये असे मांडले की सूर्य किंचित चपटा असून त्याचा गाभा वेगाने फिरत असावा, आणि तसे असेल तर त्या ४३ पैकी तीनेक विकला सूर्याच्या चपटेपणाच्या खात्यावर जातील. गाभ्याचे परिवलन मोजल्याशिवाय यावर निकाल देणे शक्य नव्हते. परिवलनाच्या दिशेने जाणाऱ्या आणि उलट दिशेने जाणाऱ्या तरंगांच्या वारंवारतांतला सूक्ष्म फरक १९८४ पासून मोजला जाऊ लागला, आणि आतला सूर्य वेगाने फिरत नाही हे उघड झाले. सापेक्षता सिद्धान्त सुखरूप राहिला. त्याच मोजणीतून अनपेक्षित ते बरेच निघाले. पृष्ठभागावर विषुववृत्त सुमारे २५ दिवसांत आणि ध्रुवांजवळचा भाग ३५ दिवसांच्या आसपास एक फेरी पूर्ण करतो, हे जुनेच ज्ञान. संगणकावरील प्रारूपे सांगत होती की आतमध्ये ही गती अक्षाला समांतर नळकांड्यांच्या रूपात वाटलेली असेल. प्रत्यक्षात पृष्ठभागावरचा हा फरक बव्हंशी तसाच अभिसरणाच्या तळापर्यंत उतरतो आणि तिथे एका पातळ थरात संपतो. त्याखालचे प्रारणाचे क्षेत्र जवळजवळ घन गोळ्यासारखे एकाच गतीने फिरते. टॅकोक्लाइन या नावाने ओळखला जाणारा हा सांध्याचा थर सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राची जन्मभूमी असावा, असे मत दीर्घकाळ प्रचलित आहे. मात्र पृष्ठभागाजवळच्या दुसऱ्या एका वेगबदलाच्या थराकडेही अलीकडे तितक्याच गांभीर्याने पाहिले जाते, आणि या प्रश्नावर प्रस्तुत ग्रंथ कोणाची बाजू घेत नाही.

यानंतरच्या स्थानिक पद्धतींचा, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला तरंगाला किती वेळ लागतो ते मोजून सौरडागांखालचे प्रवाह शोधण्याचा, सूर्याच्या पलीकडच्या बाजूला असलेले मोठे सक्रिय प्रदेश अलीकडूनच हुडकण्याचा आणि सौरज्वालेने उठवलेल्या वर्तुळाकार लहरींचा, विचार स्वतंत्र प्रकरणांत केलेला आहे. येथे त्यांचा उल्लेख पुरे.

अनुत्तरित प्रश्नांविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण यशाच्या वर्णनात ते झाकले जातात. २००५ च्या सुमारास मार्टिन ॲसप्लुंड आणि सहकाऱ्यांनी दीप्तिगोलाचे त्रिमित गणित करून सूर्यातील कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन या मूलद्रव्यांचे प्रमाण पूर्वी मानले जात होते त्याहून बरेच कमी असल्याचे दाखवले, आणि त्याबरोबर प्रारूप व आंदोलने यांची सुरेख जुळणी मोडली : ही मूलद्रव्ये प्रारणाला अडवतात, ती कमी केली की अभिसरणाचा तळ ०.७१३ वरून बाहेर सरकतो. आंदोलनांनी मोजलेला आकडा हलायला तयार नाही. मग चूक वर्णपटाच्या वाचनात आहे की अणूंच्या अपारदर्शकतेच्या गणितात, यावर मते विभागलेली आहेत. सँडिया प्रयोगशाळेत २०१५ मध्ये लोहाची अपारदर्शकता सूर्यासारख्या परिस्थितीत अपेक्षेहून जास्त मोजली गेली, तर २०२२ मधल्या एका वर्णपटीय विश्लेषणाने प्रमाणे पुन्हा जुन्या आकड्यांजवळ नेली. दुसरी अडचण श्रवण हनसोगे, थॉमस डुव्हाल आणि के. आर. श्रीनिवासन यांनी २०१२ मध्ये पुढे आणली : मोठ्या आकाराच्या अभिसरणाचे वेग संगणकी प्रारूपांत दिसतात त्याच्या मानाने आंदोलनांवरून अत्यंत क्षीण ठरतात, आणि तसे असेल तर सूर्याची ऊर्जा नेमकी कोणत्या प्रवाहांवर स्वार होऊन वर येते आणि विषुववृत्ताला अधिक वेगाने कोण फिरवते, ही पाठ्यपुस्तकात मिटलेली प्रकरणे पुन्हा उघडावी लागतील. हे मापन सर्वांना मान्य नाही. इतर पद्धतींनी मोठे वेग मिळाले आहेत.

आणि प्लावक तरंग. पृष्ठभागावर त्यांचा वेग सेकंदाला काही मिलिमीटर किंवा त्याहून कमी असावा असे गणित सांगते. २००७ मध्ये सोहोच्या १० वर्षांच्या नोंदींवरून आणि २०१७ मध्ये साडेसोळा वर्षांच्या नोंदींवरून ते सापडल्याचे दावे झाले. दुसऱ्या दाव्याची फेरतपासणी करणाऱ्यांना विश्लेषणात थोडा बदल करताच तो खुणेचा ठसा नाहीसा होताना आढळला. त्यामुळे त्रिज्येच्या आतल्या पाचव्या भागाचे परिवलन आजही सैल अंदाजावर आहे. गाँगची नोंद २०२५ मध्ये ३० वर्षांची झाली, म्हणजे सूर्याच्या २२ वर्षांच्या एका चुंबकीय चक्राहून थोडी अधिक. बर्मिंगहॅमची नोंद त्याहून जुनी आहे, पण सुरुवातीची अनेक वर्षे ती एक-दोन केंद्रांवर आणि म्हणून खंडित होती. चक्राच्या चढत्या काळात आंदोलनांच्या वारंवारता सुमारे ०.४ मायक्रोहर्ट्झने वाढतात आणि उतरत्या काळात तेवढ्याच घटतात, हे १९८५ पासून ठाऊक आहे. प्रत्येक चक्रात ही वाढ सारख्याच खोलीवरून येते का, हे मात्र चक्रे मोजून झाल्याशिवाय कळणार नाही. पहिल्या प्रकरणात ध्वनितरंगाचे साधे समीकरण स्थिर वायूच्या गोळ्यासाठी मांडले आहे, आणि परिवलन, चुंबकीय क्षेत्र व अभिसरण ही त्यातली गुंतागुंत क्रमाने पुढील प्रकरणांत येते.